किल्ली आपल्याकडे: प्रोटॉन मेलचा तीन वर्षांचा अनुभव

मी कागदपत्रांच्या अनुवादाचे काम करते. माझ्याकडे येणारे कागद म्हणजे मृत्युपत्रे, कुलमुखत्यारपत्रे, घटस्फोटाचे निकाल आणि परदेशात उपचारासाठी निघालेल्या रुग्णांची डिस्चार्ज कार्डे. यातला जवळजवळ प्रत्येक कागद ई-मेलने येतो आणि अनुवाद होऊन ई-मेलनेच परत जातो. काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेसाठी काम करत होते तिचे मेल खाते कोणीतरी ताब्यात घेतले आणि त्यात साठून राहिलेली जुनी अटॅचमेंट्स, माझ्या हातून गेलेल्या काही कागदांसह, परक्या माणसाच्या हाती लागली. त्या रुग्णांपैकी एका बाईंचा मला फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. "ताई, माझ्या आजाराचं मी सासरीसुद्धा बोललेले नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मला त्यांना देण्यासारखे उत्तर सापडले नाही. आपले टपाल नेमके कुठे राहते, ते कोण वाचू शकते आणि किल्ली कोणाकडे असते, याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागले. पुढे काही महिन्यांनी प्रोटॉन मेल या स्वित्झर्लंडमधल्या, पत्रे एन्क्रिप्ट करून म्हणजे कुलूपबंद रूपात ठेवणाऱ्या ई-मेल सेवेचे खाते उघडले. त्याला आता तीन वर्षे झाली. पहिले वर्ष फुकटच्या खात्यावर काढले, नंतरची दोन पैसे भरून.

त्या संस्थेच्या बाबतीत जे घडले ते या सेवेने टळले असते का? टळले नसते. पासवर्डच चोरीला गेला तर एन्क्रिप्टेड पेटीही उघडते, कारण तिची किल्ली त्या पासवर्डानेच उघडते. तसला प्रसंग टळतो तो दोन टप्प्यांच्या पडताळणीने, म्हणजे पासवर्डानंतर ओटीपीसारखा आकडाही मागण्याने, आणि काम संपल्यावर जुने कागद वेळच्या वेळी पुसून टाकण्याने, आणि या दोन्ही गोष्टी कोणत्याही साध्या खात्यात फुकट करता येतात. एन्क्रिप्शन वेगळ्या धोक्यासाठी आहे. ई-मेल सांभाळणारी कंपनी, तिथले कर्मचारी, तिच्या सर्व्हरमध्ये शिरलेला चोर किंवा तिच्याकडे मजकूर मागणारी यंत्रणा, यांच्यापासून आपला मजकूर झाकायचा असेल तर ते उपयोगी. हा फरक लक्षात न घेता खाते उघडणाऱ्याला खोटा धीर मिळतो, आणि खोटा धीर हा माझ्या मते उघड्या टपालापेक्षा अधिक घातक असतो.

साधा ई-मेल म्हणजे पोस्टकार्ड, ही उपमा अनेकांनी वाचली असेल. आज ती अर्धीच खरी आहे. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरांमधला प्रवास आता बहुतेक वेळा एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे वाटेत कोणी पोस्टकार्ड वाचत बसेल ही शक्यता बरीच कमी झाली आहे. पण दोन्ही टोकांच्या टपाल कार्यालयांत ते पत्र उघडेच असते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले आणि पुढची तेरा वर्षे, २०१७ पर्यंत, वैयक्तिक खात्यांतल्या पत्रांचा मजकूर जाहिराती ठरवण्यासाठी यंत्राकडून तपासला जात होता. ती पद्धत कंपनीने स्वतः जाहीर करून थांबवली. मात्र मजकूर वाचता येण्याची क्षमता तिच्याकडे आहेच, कारण किल्ली तिच्याकडे आहे. नको असलेली पत्रे गाळणे, शोधाच्या चौकटीत दोन शब्द टाकताच दहा वर्षांपूर्वीचे पत्र काढून देणे, विमानाचे तिकीट ओळखून आठवण करून देणे, या सगळ्या सोयी त्या क्षमतेवर उभ्या आहेत. त्या सोयी खऱ्या आहेत आणि त्या सोडताना जड जाते.

प्रोटॉन मेलची सुरुवात २०१४ सालची. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत भेटलेल्या अँडी येन, जेसन स्टॉकमन आणि वेई सन यांनी ती उभी केली. पहिला पैसा लोकवर्गणीतून, पाच लाख डॉलरांहून अधिक, जमला. जून २०२४ मध्ये कंपनीची सूत्रे एका ना-नफा प्रतिष्ठानाच्या हाती देण्यात आली. जाहिरातींवर न चालणाऱ्या, ग्राहकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सेवेबद्दल मला जो विश्वास वाटतो त्याचे एक कारण हे आहे.

तिचे आतले तंत्र मात्र नवे नाही. अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी नावाचा प्रोग्रॅम लोकांना मोफत दिला, त्याच घराण्यातले हे तंत्र. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली ही खरे तर उघडे कुलूप म्हणावे अशी असते. ते कुलूप आपण जगभर वाटावे, कोणीही आपल्यासाठीची पेटी त्याने बंद करावी, पण उघडणारी खाजगी किल्ली फक्त आपल्याकडे. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात असल्या तंत्राची निर्यात शस्त्रांच्या निर्यातीसारखी मानली जात असल्यामुळे झिमरमन यांच्यामागे सुमारे तीन वर्षे चौकशी लागली आणि ती जानेवारी १९९६ मध्ये कोणताही आरोप न ठेवता बंद झाली. कायद्याची अडचण सुटली, पण वापराची सुटली नाही. १९९९ साली अमेरिकेत बारा जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ई-मेल वापरता येणाऱ्या या माणसांना पीजीपी देऊन दीड तासाचा अवधी दिला, तेव्हा एक तृतीयांश लोकांनाच पत्राला योग्य सही आणि योग्य कुलूप लावता आले, आणि तिघांनी जे लपवायचे तेच चुकून उघडे पाठवले. प्रोटॉन मेलची कामगिरी कोणती म्हणाल तर ही, की त्या प्रयोगातल्या सगळ्या पायऱ्या तिने वापरणाऱ्याच्या नजरेआड केल्या. खाते उघडले की किल्ल्या तयार होतात. दोघांकडेही प्रोटॉनचे खाते असेल तर पत्र आपोआप कुलूपबंद जाते, आणि खाजगी किल्ली पासवर्डाने बंद केलेल्या अवस्थेतच सर्व्हरवर राहते, म्हणून कंपनीला ती वापरता येत नाही. मला यासाठी काहीही शिकावे लागले नाही.

दोघांकडेही प्रोटॉन असेल तर, ही अट मात्र माझ्या कामात क्वचितच पुरी होते. तीन वर्षांत मला आलेल्या पत्रांपैकी फार थोडी पत्रे प्रोटॉनच्या खात्यांवरून आली. बाकी सगळी जीमेल, याहू आणि कचेऱ्यांच्या खात्यांवरून. अशा पत्राचे काय होते हे नीट समजून घ्यायला हवे. ते प्रोटॉनच्या दारापर्यंत कंपनीला वाचता येईल अशाच रूपात येते. तिथे पोहोचताच माझ्या सार्वजनिक किल्लीने ते बंद केले जाते आणि त्यानंतर कंपनीलाही उघडता येत नाही. म्हणजे माझ्या पेटीत साठलेले टपाल सुरक्षित राहते, पण पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये त्याची उघडी प्रत राहतेच. मी उत्तर दिले की तेही त्यांच्या पेटीत उघडे पडते. माझ्या रुग्णांच्या कागदांपुरते म्हणायचे तर माझ्या बाजूची साठवण मी बंद केली आहे, आणि पलीकडची साठवण माझ्या हातात नाही.

परक्या खात्यावर कुलूपबंद पत्र पाठवण्याची एक सोय सेवेत आहे. आपण त्या पत्रापुरता पासवर्ड ठरवायचा, हवी तर एक खूण लिहायची, आणि समोरच्याला फक्त एक लिंक जाते. लिंक उघडून पासवर्ड घातला की पत्र वाचता येते, त्याच पानावरून उत्तरही देता येते, आणि वेगळे काही ठरवले नाही तर अठ्ठावीस दिवसांनी ते पत्र नाहीसे होते. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात ती कशी चालते हे मला दादांनी शिकवले.

माझे थोरले भाऊ देवरुखला असतात. आमच्या जमिनीच्या वाटणीपत्राचा मसुदा मी त्यांना या पद्धतीने पाठवला, कारण त्यात सगळ्या भावंडांचे आधार क्रमांक आणि पॅन होते. पाच मिनिटांत फोन आला.

"अगं, तुझ्या नावानं कसलीशी लिंक आली आहे. मी उघडली नाही हो."

"दादा, ती मीच पाठवली आहे. उघडा."

"बँकवाले रोज मेसेज पाठवतात, लिंक उघडू नका, पासवर्ड कुठे घालू नका. आणि तूच सांगतेस उघडा म्हणून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण दादांचेच बरोबर होते. गेली काही वर्षे बँका, पोलीस आणि वर्तमानपत्रे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना जी सावधगिरी शिकवत आली आहेत, तिच्या नेमके उलट वागायला ही सोय सांगते. अनोळखी दिसणाऱ्या पत्रातली लिंक उघडा आणि तिथे पासवर्ड टाका. आता मी आधी फोन करते आणि मगच पत्र पाठवते. पासवर्डही फोनवरच ठरतो, मेलमध्ये कधीच नाही.

त्या दिवशी पासवर्डाची खूण मी "आजोळची पहिली म्हैस" अशी लिहिली होती. दादांना नाव लगेच आठवले, पण पत्र काही उघडेना. तीनदा प्रयत्न झाल्यावर लक्षात आले की मी 'चंद्री' रोमन अक्षरांत ठरवले होते आणि दादा ते देवनागरीत लिहीत होते. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मराठी घरांत ही सोय वापरणाऱ्यांनी पासवर्ड कोणत्या लिपीत आहे हे खुणेतच लिहावे, किंवा सरळ आकडे वापरावेत. म्हशीचे नाव गावात कोणालाही माहीत असू शकते, त्यामुळे पासवर्ड म्हणूनही ते कच्चेच होते, हेही मला नंतर उमगले.

पत्र उघडले. दादांनी पीडीएफ उतरवून घेतली आणि छापील प्रत हवी म्हणून स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे सांगितले, "काका, आमच्या मेलवर टाका, इथून काढतो." फाइल त्या दुकानाच्या खात्यावर गेली, जिथे तालुक्यातल्या शेकडो लोकांचे सातबारा, दाखले आणि आधार कार्डे पडून असणार. दादांची यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. घरी प्रिंटर नसलेल्या माणसाने दुसरे काय करावे? पण आपण ज्याला ई-मेलची गोपनीयता म्हणतो तिचा कस आपल्या देशात बऱ्याचदा झेरॉक्सच्या दुकानात लागतो, आणि तिथे स्वित्झर्लंडच्या सर्व्हरवरचे कुलूप काही कामाचे नसते. तेव्हापासून असे कागद मी छापून स्पीड पोस्टाने पाठवते.

इथे एक आपल्याकडचा प्रकार सांगायला हवा. पासवर्डाने बंद केलेली पीडीएफ आपल्याला नवी नाही. बँकेचे स्टेटमेंट अशाच रूपात येते आणि बऱ्याचदा त्याच मेलमध्ये लिहिलेले असते की नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मतारीख घाला. ई-आधारच्या फाइलला नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल चालते. हे पासवर्ड सगळ्यांच्या सोयीसाठी ठरवलेले आहेत आणि ज्याला आपले नाव व जन्मतारीख माहीत आहे त्याच्यापुढे ते उभे राहू शकत नाहीत. तरीही पीडीएफला पासवर्ड लावण्याची मूळ कल्पना चांगली आहे. पासवर्ड लांब आणि असंबद्ध ठेवला आणि फोनवर सांगितला, तर कोणत्याही मेलमधून जाणारा एखाददुसरा कागद पुरेसा झाकला जातो. ज्यांना वर्षातून दोनदाच असा कागद पाठवायचा असतो त्यांना मी नवे खाते उघडा असे सांगत नाही, हेच करा म्हणते.

प्रोटॉन मेलची एक मर्यादा कंपनी स्वतः सांगते, पण नव्या ग्राहकाच्या ती सहसा लक्षात येत नाही. पत्राचा विषय, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ या गोष्टी टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड नसतात. जुन्या पीजीपी पद्धतीशी जुळवून घेतल्याचा तो परिणाम आहे. माझी पूर्वीची सवय अशी होती, की विषयाच्या ओळीत रुग्णाचे नाव, आजाराचे नाव आणि "अनुवाद, दुसरा मसुदा" असे सगळे लिहायचे, म्हणजे नंतर शोधायला सोपे. याचा अर्थ आत कितीही मोठे कुलूप असले तरी पाकिटावरच सगळे लिहिलेले. आता विषयाच्या ओळीत फक्त माझ्या वहीतला कामाचा क्रमांक असतो. कोणाचे काम आहे ते वहीत. जर्मनीतल्या हॅनोव्हरची टूटा ही सेवा, जी २०२३ पर्यंत टूटानोटा या नावाने चालत असे, विषयाची ओळही बंद करते. त्यासाठी तिने पीजीपी सोडून स्वतःची वेगळी पद्धत स्वीकारली आहे, आणि म्हणून थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पीजीपी वापरणाऱ्या माझ्या सहकाऱ्याशी टूटावरून तसा पत्रव्यवहार करता येत नाही. प्रोटॉनवरून येतो. कोणती अडचण सोसायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. माझ्या कामासाठी मी दुसऱ्यांशी जुळणारे निवडले.

शोधण्याच्या बाबतीत माझा खर्च सर्वांत जास्त झाला. सर्व्हरला पत्राचा मजकूर वाचता येत नाही, म्हणून तो शोधूनही देऊ शकत नाही. सर्व्हरवरचा शोध फक्त विषय, पत्ते आणि तारखा यांवर चालतो. मजकुरात शोधायचे तर ब्राउझरमध्ये ती सोय वेगळी सुरू करावी लागते. मग पत्रे उतरवून, आपल्याच संगणकावर उलगडून, त्यांची सूची तिथेच तयार होते. दुसऱ्या संगणकावर बसलात की हे सगळे पुन्हा. आणि विषयाच्या ओळी तर मी नुसत्या आकड्यांच्या करून ठेवलेल्या! 'लंबर स्पॉन्डिलोसिस' या शब्दाला आपण मागच्या वेळी कोणता मराठी पर्याय वापरला होता, हे शोधायला जुन्या खात्यात मला क्षणभर लागत असे. आता त्यासाठी मी शब्दांची वेगळी वही ठेवते. ही तक्रार मी मांडत नाही, कारण जो मजकूर कोणालाही वाचता येऊ नये असे आपण म्हणतो तो दुसऱ्याने आपल्यासाठी शोधून द्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे. पण ज्यांचे दिवसभराचे काम जुन्या पत्रांत शोधण्यावर चालते, त्यांनी खाते बदलण्याआधी महिनाभर दोन्ही खाती बरोबर चालवून पाहावीत.

आता किल्लीकडे येते. प्रोटॉनच्या आधी, बऱ्याच वर्षांपूर्वी, माझ्या एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी पीजीपी स्वतः बसवले होते. तीही अनुवादक होती. आम्ही दोघी एकमेकींना शब्दांविषयी, घरच्या दुखण्यांविषयी, पुढे तिच्या आजाराविषयी लिहीत असू, आणि सगळे कुलूपबंद. माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क एका पावसाळ्यात गेली. खाजगी किल्लीची फाइल त्यातच होती आणि तिची दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. पासवर्ड मला आजही तोंडपाठ आहे, पण किल्लीच नाही तर नुसता पासवर्ड काय उघडणार! मैत्रीण आता नाही. तिची चाळीसएक पत्रे माझ्या जुन्या खात्यात अजून आहेत. उघडले की वर 'बिगिन पीजीपी मेसेज' अशी एक ओळ दिसते, खाली अक्षरांची आणि आकड्यांची भिंत, आणि शेवटी 'एंड पीजीपी मेसेज'. त्या पत्रांत तिने काय लिहिले होते ते मला ढोबळ आठवते. तिचे शब्द आठवत नाहीत. जगातला कोणताही तंत्रज्ञ ती पत्रे मला परत देऊ शकत नाही, आणि ते तंत्र ठरल्याप्रमाणेच काम करते आहे.

म्हणून प्रोटॉनचे खाते उघडल्यावर मी पहिले काम केले ते बारा शब्दांचे. सेवा आपल्याला बारा इंग्रजी शब्दांचा एक क्रम देते. पासवर्ड विसरला आणि नवा घेतला, तर खाते परत मिळते, पण जुनी पत्रे बंदच राहतात. ती उघडायला हे बारा शब्द, किंवा आधी उतरवून ठेवलेली एक फाइल लागते. साध्या मेल खात्यात पासवर्ड विसरणे म्हणजे दोन मिनिटांचा त्रास असतो. इथे तो जुन्या टपालाचा अंत ठरू शकतो. मी ते शब्द हाताने दोन कागदांवर लिहिले. एक घरात आहे आणि दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये, माझ्या मृत्युपत्राच्या पाकिटात.

मृत्युपत्राच्या पाकिटात का, तेही सांगते. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पॉलिसी, मुदत ठेवी आणि सोसायटीची पत्रे आम्हाला त्यांच्या मेलमध्ये मिळाली. त्यांचा मोबाइल आमच्याकडे होता, त्यावर ओटीपी आला आणि खाते उघडले. गोपनीयतेच्या दृष्टीने पाहिले तर हा दोषच. पण त्या महिन्यात आईला त्या दोषाचा फार आधार झाला. एन्क्रिप्टेड खात्याचा मालक अचानक गेला आणि किल्लीची तजवीज केलेली नसेल, तर घरच्यांच्या हाती नुसता मोबाइल असून भागत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना ही सेवा सुचवताना मी ही गोष्ट सर्वांत आधी सांगते, आणि ज्यांना कागदावर बारा शब्द लिहून कोणाच्या तरी हवाली करणे जमणार नाही त्यांना ही सेवा घेऊ नका असे स्पष्ट म्हणते.

कायद्याबाबत लोकांच्या मनात दोन टोकाचे समज असतात. स्विस कंपनी आहे म्हणजे कोणाच्या बापाला माहिती मिळणार नाही, हा एक. तो चूक आहे. २०२१ साली फ्रान्समधल्या एका हवामान-कार्यकर्त्याच्या प्रकरणात स्विस यंत्रणेच्या आदेशावरून प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला, आणि त्यानंतर कंपनीने आपल्या जाहिरातीतले त्याविषयीचे शब्द बदलले. २०२४ साली स्पेनमधल्या एका प्रकरणात खातेदाराने पर्यायी म्हणून दिलेला दुसरा ई-मेल पत्ता द्यावा लागला आणि त्यावरून माणूस सापडला. दोन्ही वेळा पत्रांचा मजकूर दिला गेला नाही, कारण तो कंपनीला वाचताच येत नव्हता. काय झाकले जाते आणि काय झाकले जात नाही, हे या दोन प्रकरणांतून जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही जाहिरातीतून दिसणार नाही.

दुसरा समज असा, की लपवणारा तो चोर. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि आजारपणाचे कागद झाकून ठेवू पाहणाऱ्या बाईला चोर ठरवणे मला मान्य नाही. त्याच वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम सरकारला एन्क्रिप्टेड मजकूर उलगडून मागण्याचा अधिकार देते आणि सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते, हेही वापरणाऱ्याला माहीत असावे. एन्क्रिप्शनमुळे दुखावलेली माणसेही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईतल्या खाजगी शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या या सेवेच्या खात्यांवरून गेल्या आणि तेव्हा तिच्यावर बंदीची चर्चा झाली. एका कंपनीतल्या स्त्री-कर्मचाऱ्यांविषयी अश्लील, बनावट चित्रांसह मेल गेल्याच्या तक्रारीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारला ही सेवा रोखण्याची कार्यवाही सुरू करण्याचा आदेश दिला. मी सेवेची ग्राहक असले तरी त्या स्त्रियांची तक्रार मला हलकी वाटत नाही. त्यांना त्रास देणारा ज्या आडोशाला बसला, त्याच आडोशाला माझे रुग्ण बसले आहेत, आणि यावरचा उपाय मला ठाऊक नाही. बंदीने पहिला आडोसा जाईल तसा दुसराही जाईल एवढे नक्की. व्यवहारापुरते सांगायचे तर भारतातल्या ग्राहकाने आपली पत्रे वेळोवेळी उतरवून एन्क्रिप्टेड डिस्कवर प्रत ठेवावी आणि बँक, आयकर किंवा आधारशी हा एकमेव पत्ता जोडू नये.

पैशांचे म्हणाल तर फुकटच्या खात्यात एक जीबी जागा मिळते. स्कॅन केलेले केसपेपर येऊ लागले की ती काही महिन्यांत भरते. पैसे भरून घेतलेल्या मूळ योजनेत पंधरा जीबी, दहा पत्ते आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणारे आपले नाव, जोडण्याची सोय आहे. वर्षाचे एकदम भरले तर महिन्याला सुमारे चार डॉलर पडतात. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये पत्रे हवी असतील तर 'ब्रिज' नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. माझ्यासाठी ही रक्कम कामाचा खर्च आहे आणि ती मी समाधानाने भरते. घरगुती पत्रव्यवहारासाठी ती महाग आहे, आणि खरे तर अनावश्यकही. दोन माणसांना आपसांत खाजगी बोलायचे असेल तर त्यासाठी ई-मेल हे मुळात चांगले साधन नाही. सिग्नलसारख्या निरोपांच्या ॲपमध्ये किल्ल्या सतत बदलत राहतात, त्यामुळे आजची किल्ली चोरीला गेली तरी कालचे बोलणे उघडत नाही. पीजीपीमध्ये एकच खाजगी किल्ली हाती लागली की तिने बंद केलेले वर्षानुवर्षांचे टपाल एकदम उघडे पडते. मला ई-मेल लागतो तो कागद, तारीख आणि पोच यांची नोंद राहावी म्हणून.

जुने खाते मी बंद केलेले नाही. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, सोसायटीच्या सभेची नोटीस हे सगळे तिथेच येते, आणि तिथला शोध मला अजूनही हवा असतो. प्रोटॉनवर येतात ते फक्त दुसऱ्यांचे कागद. काम पोचते झाल्यावर नव्वद दिवसांनी मी ते पुसते, त्याची तारीख वहीत लिहिते, आणि कागद ज्याचा असेल त्याला फोन करून तसे सांगते. काही जण विचारतात, "अहो, एवढ्यासाठी फोन?" पण बहुतेक जण थोडा वेळ थांबतात आणि मग सांगतात की आपल्याकडचीही प्रत पुसायला हवी, ती कशी पुसतात ते जरा सांगाल का. मग मी फोन चालू ठेवते आणि 'सेंट'चा कप्पा कुठे असतो इथपासून सुरुवात करते.